बेंद्रे म्हणजे मी येईन

शेंडे बाईंच्या घरी बेंद्रे नावाचा माणूस कधी आला नाही. पण आमच्या चामोर्शीच्या त्या गल्लीत बरेच दिवस लोक त्याची वाट पाहत होते, कारण बाई रोज सकाळी ओसरीवर बसून मोठ्या आवाजात त्याचं नाव घ्यायच्या. "बेंद्रे, बेंद्रास, बेंद्रा." मग थांबायच्या, कपाळावर हात मारायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मी आत भाजी चिरत असायची. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. वाटायचं, आता बाहेर जावं आणि म्हणावं, बाई, सोडा ना त्या बेंद्र्याला. पण तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती, आजही नाही.

बाई चौथीपर्यंत माझ्या बाई होत्या. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, म्हणून माझ्यापुरती सगळी शाळा म्हणजे शेंडे बाईच. पुढे त्या रिटायर झाल्या, त्यांचे मिस्टर वारले, मुलगा प्रवीण स्पेनला नोकरीला गेला आणि तिथलीच बायको करून तिथेच राहिला. मी बाईंकडे स्वयंपाकाला जाऊ लागले. मला वाटलं होतं, आता मी मोठी झाले, आता आमचं नातं बदललं. बाईंना तसं वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून "बाई, भाजी होऊन राह्यली" म्हटलं, की ओसरीवरून आवाज यायचा, "होते आहे."

"हो बाई. होते आहे."

"हां. आता वाढ."

हातात खडू नसला तरी एक मोठं वाक्य बोलून झालं की त्या दोन्ही हात झटकायच्या. घरात आम्ही दोघीच असलो तरी काही सांगायचं असेल तर आधी टेबलावर डबीचं झाकण आपटून शांतता करायच्या. "अर्धं बरोबर म्हणजे चूक" हे त्यांचं रोजचं वाक्य. वर्गात गणिताला तेच, आणि आता वरणात मीठ कमी पडलं तरी तेच. मी परत फोडणी द्यायची. मनात चिडायची, पण द्यायची.

शाळेत त्यांनी सगळ्यात जास्त छड्या मोडल्या असतील त्या भविष्यकाळावर. आमच्या बोलीत मीही येईन आणि तोही येईन. बाईंना ते चालत नसे.

"मी येईन. तो?"

"तो येईन," सगळा वर्ग.

"मीही येईन, तोही येईन! मग येणार कोण ते ओळखायचं कसं?"

मागून कोणीतरी बोललं, "बाई, आल्यावर दिसतेच ना."

वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी सुटी होईपर्यंत आम्ही "तो येईल, ती येईल, ते येतील" म्हणत होतो. शाळेच्या फाटकाबाहेर पडलो आणि परत "येईन" सुरू. गंमत म्हणजे बाई फार चिडल्या की त्यांची स्वतःची शुद्ध भाषा उडून जायची आणि "मले", "तुले" बाहेर पडायचं. मग त्यांना स्वतःचाच राग यायचा, आणि तो आमच्यावर निघायचा.

स्पॅनिशचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रवीणला एक मुलगी, एलेना. तेव्हा पहिलीतच असेल. तिला मराठी येत नव्हतं, कारण प्रवीणने शिकवलं नव्हतं. रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा तिकडे सकाळ असायची. नात आणि आजी एकमेकींकडे बघायच्या आणि मध्ये प्रवीण बोलायचा. एका रविवारी ती पोरगी खूप बोलली. हातवारे करून, डोळे मोठे करून, उठून उडी मारून दाखवून, परत बसून बोलली. मी पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिले, इतकं ते ऐकण्यासारखं होतं. तिचं संपलं. बाई म्हणाल्या, "काय म्हणते?"

प्रवीण म्हणाला, "काही नाही आई. शाळेत सगळं ठीक आहे म्हणते."

बाईंनी झाकण आपटलं. "एवढं बोलली ती! उडी मारली! आन् तू मले सांगतं, ठीक आहे?"

"अगं, मुलांचं असतं काहीबाही."

"तेच काहीबाही मले पाह्यजे होतं!"

फोन बंद झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. मग त्यांनी मला एटापल्लीची गोष्ट सांगितली. त्यांची पहिली नेमणूक तिकडे होती. वर्गात सगळी गोंडी बोलणारी मुलं. बाईंनी "चूप बसा" म्हटलं, तर सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं, "चूप बसा!" बाईंना वाटलं, पोरं थट्टा करतात. मुलांना वाटलं, हा आजचा धडा. आईबाप यायचे तेव्हा शाळेचा शिपाई मध्ये उभा राहून सांगायचा. एकदा एक बाई आपल्या मुलीबद्दल खूप वेळ बोलली, डोळ्यांना पदर लावला. शिपाई म्हणाला, "पोरगी उद्यापासून येनार नाई म्हंते." एवढंच. ती बाई बाकी काय बोलली ते शेंडे बाईंना कधीच कळलं नाही. मुलगीही परत आली नाही.

"मध्ये माणूस ठेवला की असं होतं," त्या म्हणाल्या, आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर स्पॅनिशचे धडे सुरू झाले. आधी बरं चाललं होतं. "तू"ला तिकडेही "तू"च म्हणतात हे कळलं तेव्हा बाई इतक्या खूश झाल्या की मला स्वयंपाकघरात येऊन सांगून गेल्या. माझ्या नावावर तर त्या कितीतरी दिवस हसत होत्या. मंदा हे तिकडे क्रियापद आहे म्हणे, आणि त्याचा अर्थ "ती हुकूम सोडते."

"घ्या! सगळ्या चामोर्शीत जिचा आवाज कोणी ऐकला नाही, ती हुकूम सोडते!"

मी पदर तोंडाला लावला. बरं वाटलं होतं, खोटं का बोलू.

पण वर्तमानकाळ संपून भविष्यकाळ आला आणि घरातली शांतता गेली. बाईंना जे जे नातीला सांगायचं होतं ते सगळं भविष्यातलंच होतं. तू मोठी होशील, आपण मार्कंड्याच्या देवळात जाऊ, तुला नदी दाखवीन. भूतकाळ त्या दोघींचा काही नव्हताच. म्हणून तो काळ त्यांना पक्का हवा होता. सुरुवातीला तोही सोपा निघाला. मूळ शब्दाला शेवटी एक तुकडा जोडायचा. मी करीन ला "रे", तू करशील ला "रास", ती करेल ला "रा". मलाही ऐकून ऐकून पाठ झालं. आणि मग आलं "येणे". मूळ शब्द "बेनीर". नियमाने "बेनिरे" व्हायला पाहिजे, तर होतं "बेंद्रे".

"हा द कुठून आला?" बाई मोबाईलला विचारायच्या. "बेनीरमध्ये द आहे का? नाही. शेवटच्या तुकड्यात द आहे का? नाही. मग हा मध्येच कोणाच्या घरून आला?"

मोबाईलमधली बाई उत्तर देत नसे. चुकलं की फक्त "टूंऽ" असा आवाज यायचा. बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण टूं कधी केलं नव्हतं. "कारण तरी सांग!" त्या ओरडायच्या. टूंऽ. "बेनिरे!" टूंऽ. "अवं, मले टूं करते हे!" आणि शिवाय जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा, तो आपण गिळतो. बाई बेंद्रे म्हणायच्या ते आपल्याकडच्या बेंद्रे आडनावासारखंच ऐकू यायचं.

म्हणूनच शेजारचे गोविंदाभाऊ एके दिवशी फाटकाशी येऊन मला हळूच विचारू लागले, "मंदाबाई, हे बेंद्रे साहेब कोन हायेत?"

"मले नाई माहीत, भाऊ."

"रोज नाव घेऊन राह्यल्या ना बाई. घर विकाले काढलं का? तसं असन तं आधी शेजाऱ्याले विचाराचं असते."

बाईंनी ते ऐकलं. ओसरीवरूनच म्हणाल्या, "गोविंदराव, बेंद्रे म्हणजे मी येईन!"

गोविंदाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "तुमी बेंद्रे? मंग शेंडे कोन?"

बाईंनी त्यांना आत बोलावून स्पॅनिश भविष्यकाळ समजावला. चहा गार झाला. जाताना भाऊ फाटकात मला म्हणाले, "पण किती भाव देऊन राह्यला तो, थे नाई सांगतलं बाईनं."

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. नंतरचं तसं नव्हतं.

एका रविवारी बाईंनी प्रवीणला सांगितलं, तू बाजूला बस, मध्ये बोलायचं नाही. त्या आणि एलेना काय खाल्लं, काय रंग आवडतो असं बोलल्या. अडखळत, पण बोलल्या. फोन ठेवायची वेळ आली. आपण निघताना काय म्हणतो? "येते." जाते म्हणत नाही, ते तोंडातून काढूही नये असं लहानपणापासून शिकवलेलं. बाईंनी हात हलवला आणि सरळ ताठ बसून म्हणाल्या, "बेंद्रे."

पोरगी एकदम थांबली. तिने विचारलं, "कुआंदो?"

म्हणजे कधी. बाईंना ते येत होतं. त्यांना वाटलं, पुन्हा फोनवर कधी येणार असं विचारते. मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "दोमिंगो!" म्हणजे रविवारी. पोरीने किंकाळी फोडली आणि उड्या मारत सुटली. प्रवीण तोवर चहा करायला उठून गेला होता.

"पाहिलंस मंदा?" बाईंनी हात झटकले. "मध्ये कोणी नाही."

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा एलेना नवीन फ्रॉक घालून बसली होती. मागे पलंग दिसत होता, त्यावर दोन उशा. तिने फोनमध्ये बाईंना पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. परत फोनकडे. तिचा चेहरा असा उतरला की मला तिकडे जाऊन तिला उचलून घ्यावंसं वाटलं. ती एक शब्द बोलली आणि उठून गेली.

"काय म्हणाली?"

"काही नाही, आई."

"प्रवीण, पूर्ण सांग."

"खोटारडी म्हणाली." मग प्रवीण चिडला. "उठल्यापासून खिडकीत बसली होती ती. शाळेत सगळ्यांना सांगून आली, आजी येणार म्हणून. तू तिला येते कशाला सांगितलंस?"

"मग निघताना काय सांगू?"

"जाते म्हण! इथे जाते म्हणतात!"

"माझ्या वयात मी नातीला जाते म्हणू? जिभेवर येईल का माझ्या?"

"मग आदिओस म्हण."

"ते तर त्याहून वाईट. त्यात थेट देवाकडेच जातात."

मग प्रवीण थोडा मऊ झाला. "जाऊ दे आई. लहान आहे. विसरेल."

बाई पटकन म्हणाल्या, "तेच नको मले. घेऊन ये तिले इकडे. डॉक्टर मले एवढा प्रवास करू देत नाही हे तुले माहीत आहे. तुम्ही या."

"बघू."

फोन बंद झाला. बाईंनी मला हाक मारली. "मंदा, 'बघू' कोणता काळ?"

"भविष्यकाळ, बाई."

"चूक. भविष्यकाळ नाही तो. 'बघू' म्हणजे नाही."

किती वर्षं तो बघू म्हणत होता ते मी मोजलं नाही, पण लग्नानंतर तो एकदाही आला नव्हता.

त्यानंतर एलेना फोनवर येईना. रविवार यायचा, प्रवीण दिसायचा, मागून कार्टूनचा आवाज यायचा, पोरगी नाही. बाईंनी शाळेत खोटं बोलणाऱ्यांना उन्हात उभं केलं होतं. आता त्यांना कोणी खोटारडी म्हणालं होतं आणि सफाई द्यायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. प्रवीण म्हणाला, "मी समजावलं तिला." बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. प्रवीण समजावणार म्हणजे "ठीक आहे" म्हणणार. त्यांना स्वतः सांगायचं होतं की आमच्याकडे जाणारा माणूस येतो म्हणून जातो, आणि ते खोटं नसतं. हे एवढंसं वाक्य, पण ते तिकडच्या भाषेत काही केल्या जमेना. एकदा म्हणताना क्रियापद हरवायचं, एकदा जोर. बाई जेवताना ताटावर बोट आपटून म्हणायच्या, आंघोळ करताना म्हणायच्या. रात्री झोपेतही म्हणत असतील. अंगाने उतरल्या. मी त्यांच्यावर रागावले, एकदाच, "बाई, दोन घास खा, मंग बोला."

"खाईन," त्या म्हणाल्या, आणि खाल्लं नाही.

मला प्रवीणचा राग यायचा, त्या भाषेचा राग यायचा, टूं करणाऱ्या मोबाईलचा तर फारच. आणि बाईंचाही. नुसतं "चुकलं माझं" म्हणून एक गोड पापी दिली असती तर पोर हसली असती. पण बाईंना अर्धं बरोबर नको होतं.

शेवटी एका रविवारी प्रवीण पोरीला हाताला धरून फोनसमोर घेऊन आला. ती तोंड फुगवून बाजूला पाहत बसली. बाईंनी चष्मा नीट केला. मी दारात उभी होते. बाईंनी सुरुवात केली, दोन शब्द नीट आले, आणि तिसऱ्यावर त्या अडकल्या. त्यांच्या तोंडून निघालं, "बेंद्रास."

चूक. "रे" नाही, "रास" लागला. मी येईन नाही, तू येशील. मलासुद्धा कळलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

पोरीने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "यो?" म्हणजे मी?

बाईंनी डोळे उघडले. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि केलं नाही. शाळेत होते तेव्हापासून मी त्यांना चूक तशीच सोडताना पाहिलं नव्हतं. "सी," त्या म्हणाल्या. "तू."

एलेना वळली आणि बापाला काहीतरी विचारू लागली, भराभर, त्याची बाही ओढून. प्रवीणने खांदे उडवले आणि म्हणाला, "या बेरेमोस."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बेर! बेर म्हणजे बघणे! बेरेमोस!" झाकण जमिनीवर पडून गोल फिरत गेलं. "अरे, तिलेबी 'बघू'च म्हणतं का रे तू? दोन दोन भाषा आल्या तुले, आन् दोहींत एकच शब्द शिकला, 'बघू'?"

"आई, तसं नाही..."

"बागू!" एलेना ओरडली. तो शब्द तिला माहीत होता. बाप दर रविवारी आजीला तोच तर म्हणायचा. तिने खांदे उडवले, मान वाकडी केली, हुबेहूब प्रवीण. "बागू, बागू."

बाई हसल्या. दात दिसेपर्यंत. मग त्यांनीही खांदे उडवून "या बेरेमोस" केलं, आणि फोनच्या दोन्हीकडून त्या दोघी त्या एकट्या माणसाला चिडवत राहिल्या. त्याला कुठे बघावं कळेना. ते एवढंसं वाक्य बाईंनी शेवटपर्यंत पूर्ण केलंच नाही.

त्या दिवसापासून पोरगी स्वतःच फोन लावू लागली. प्रवीणचं बघू मात्र संपलं नाही. सुटी नाही, मग तिकीट नाही, मग बायकोच्या आईचं ऑपरेशन.

त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलाला गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात काम लागलं. सूनबाईचे दिवस भरत आले होते, मला जाणं भाग होतं. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोळ्या झाल्या का?" दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "आज कैरी किसून टाक."

निघायच्या दिवशी मी पिशवी घेऊन शेवटचं भेटायला गेले. ऑटो फाटकात उभा होता. बाई फोन हातात धरून, दुसऱ्या हाताने भिंतीचा आधार घेत, घरभर फिरत होत्या. पोरीला घर दाखवत होत्या. पुढच्या खोलीतल्या पलंगापाशी थांबून म्हणाल्या, "आकी दोर्मिरास." इथे तू झोपशील. पाट दाखवून, "आकी कोमेरास." इथे जेवशील. जोर बरोबर शेवटच्या अक्षरावर. फोनमधून टूं आलं नाही, पोरगी "सी, सी" म्हणत होती.

मी म्हटलं, "बाई..."

त्यांनी हाताने मला थांब म्हटलं आणि फोन माझ्याकडे वळवला. "मांदा," त्या पोरीला म्हणाल्या, "मांदा ते आरा..." पुढचा शब्द त्यांना तिकडच्या भाषेत सापडेना. म्हणून आपलाच घातला, "लाखोरीचे वडे."

आरा म्हणजे ती करेल. तेवढं मला येत होतं. मंदा तुला लाखोरीच्या डाळीचे वडे करून देईल.

मी पिशवी पाठीमागे लपवली. फोनमध्ये ती पोरगी माझ्याकडे पाहत होती, केस विस्कटलेले, पुढचा एक दात पडलेला. मी मान हलवून हो म्हटलं. बाई फोन घेऊन परसात गेल्या, तिला शेवग्याचं झाड दाखवायला, आणि बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला.